गोदाकाठच्या बागेत कुणी कोलमडलेलं दिसलं तर : नाशिकमधल्या मदतसेवांचं परीक्षण

गोदा पार्कचा बाक, एखाद्या उद्यानाचा कट्टा, गंगेवरच्या, म्हणजे गोदाघाटाच्या, पायऱ्या. तिथे दिवसचे दिवस एकाच जागी बसून असलेला माणूस नाशिककरांना नवा नाही. मे महिन्यातही अंगावर तीन शर्ट, डोक्यावर जटा, शेजारी चिंध्यांचं बोचकं आणि न दिसणाऱ्या कुणाशी तरी चाललेलं बोलणं. माळ्याला तो माहीत असतो, कोपऱ्यावरचा चहावाला त्याला सकाळचा चहा देतो. मग कुणी तरी तक्रार करतं, वॉचमन त्याला उठवतो आणि तो पुढच्या बागेत जाऊन बसतो. तक्रार मिटते, माणूस आहे तसाच राहतो.

अशा माणसासाठी आज ज्या सेवा हाताशी आहेत त्यांचं हे परीक्षण आहे: १०८ (रुग्णवाहिका), ११२ (पोलीस), १४४१६ (मानसिक आरोग्याची फोनसेवा), सिव्हिल (जिल्हा रुग्णालय), बेघर निवारा केंद्र आणि त्यापुढचं पुनर्वसन. मत आधीच सांगायचं तर, प्रत्येक सेवा आपापल्या चौकटीत उपयोगाची आहे आणि २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तर फारच चांगला आहे. पण एका सेवेने माणूस दुसरीच्या हाती सोपवायचा, ते काम कुणाच्याच नावावर नीट लिहिलेलं नाही. माणसं गळतात ती तिथे. त्यामुळे फोन करणाऱ्याने काय बोलायचं आणि नंतर कशाचा पाठपुरावा करायचा, यावर बरंच काही ठरतं.

आधी शरीर बघा

बागेत असंबद्ध बोलणारा प्रत्येक माणूस मनोरुग्ण नसतो. रक्तातली साखर उतरलेली, डोक्याला मार लागलेला, तापाने फणफणलेला, नुकतीच फीट येऊन गेलेला किंवा दारू अचानक तुटलेला माणूसही तसाच वागतो, आणि यातला प्रत्येक जण वेळेत उपचार न मिळाल्यास दगावू शकतो. फरक ओळखायला दोन प्रश्न पुरतात. हे कधीपासून? माळी म्हणाला, 'काल चांगला होता, आज सकाळपासून असा', तर शरीराची शंका आधी घ्या. दुसरा, शुद्ध एकसारखी आहे का? मधेच ग्लानी, मधेच भानावर, नजर ठरत नाही, हाक मारली तर वळून बघतो आणि लगेच हरवतो, ही मेंदूवर ताण आल्याची खूण आहे. मनाच्या जुन्या आजारात माणूस भलतंच बोलेल, पण बहुधा टक्क जागा असतो.

दारू तुटल्याचं चित्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. शेवटच्या घोटानंतर पहिल्या दोन दिवसांत हात थरथरणं, घाम, कधी फीट. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात अंगावर किडे-मुंग्या चालताना दिसणं, प्रचंड घाबरणं. लोक याला 'डोक्यावर परिणाम झाला' म्हणून सोडून देतात. ही सरळसरळ १०८ ची केस आहे.

१०८ ची महाराष्ट्रातली सेवा २०१४ पासून सुरू आहे आणि तिचा मोठा गुण म्हणजे गाडीत डॉक्टर असतो. पैसे पडत नाहीत, नातेवाईक सोबत असावा लागत नाही. मात्र ही वैद्यकीय तातडीची गाडी आहे. 'एक वेडा बसलाय, घेऊन जा' असं सांगितलं तर पलीकडच्याला तातडी कळणारच नाही. जे दिसतंय ते सांगा: श्वास कसा चालू आहे, शुद्ध आहे का, रक्त, उलटी, फीट, अंग गरम की गार, जखमेत अळ्या आहेत का. अळ्या पडलेली जखम रस्त्यावरच्या माणसांत वारंवार आढळते. ती घरगुती उपायाने साफ करायला जाऊ नका. स्वच्छ कापडाने सैल झाका आणि दवाखान्यात जाऊ द्या.

गाडी येईपर्यंत: माणूस शुद्धीत असेल आणि स्वतःच्या हाताने पेला धरून गिळू शकत असेल, तर अर्धा पेला पाण्यात चार चमचे साखर. साखर उतरलेली असेल तर पंधराएक मिनिटांत फरक दिसतो. ग्लानीत असलेल्याच्या तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. कित्येक दिवसांच्या उपाश्याला वडापाव आणि जेवणाचं ताट एकदम देणंही धोक्याचं आहे, शरीरातल्या क्षारांचं गणित बिघडतं. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात घालून घोट घोट द्यावं, खाणं थोडं थोडं.

११२ आणि कलम १००

शरीर ठीक वाटतंय, पण माणूस स्वतःची काळजी घेण्याच्या स्थितीत नाही, किंवा त्याच्यापासून त्याला वा इतरांना धोका आहे, तर ११२. इथे पोलिसांना बोलावणं म्हणजे त्याला पकडून देणं नव्हे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० प्रमाणे अशा भटकणाऱ्या व्यक्तीला संरक्षणात घेणं हे हद्दीतल्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. का नेतोय हे त्या व्यक्तीला सांगायचं. शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा चोवीस तासांत, जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचं. कोठडीत किंवा तुरुंगात कोणत्याही परिस्थितीत ठेवायचं नाही. आणि माणूस बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून त्याच्या घरच्यांचा शोध घ्यायचा. कागदावर यापेक्षा स्वच्छ तरतूद क्वचित सापडेल.

प्रत्यक्षात अडतं ते शब्दांवर. 'भिकारी त्रास देतोय' असा फोन गेला की वाट वेगळी होते. भीक मागण्यास प्रतिबंध करणारा १९५९ चा कायदा महाराष्ट्रात अजून आहे, आणि त्या वाटेने गेलेला आजारी माणूस उपचारापर्यंत पोचेलच याची खात्री नाही. 'दारुडा पडलाय' म्हटलं तर उठवून हाकलण्यावर भागतं. म्हणून फोनवर साधारण असं बोला: 'गोदा पार्क, आसाराम बापू पुलाजवळ, नदीच्या कडेचा बाक. पुरुष, अंदाजे चाळिशीचा. मानसिक आजाराची लक्षणं दिसतात, स्वतःची काळजी घेऊ शकत नाही. हातात काही नाही, मारहाण करत नाही. कलम १०० प्रमाणे संरक्षणात घेऊन सरकारी रुग्णालयात न्यावं.' स्त्री असेल तर महिला पोलीस हव्यात हे त्याच फोनवर सांगा. रस्त्यावर राहणाऱ्या आजारी स्त्रीवर अत्याचाराची टांगती तलवार कायम असते. तिच्या बाबतीत 'उद्या बघू' नको.

जागेची खूण नेमकी द्या. गोदा पार्क लांबच लांब पट्टा आहे, 'गोदा पार्कमध्ये' एवढ्याने गाडी भलत्याच टोकाला जाते. पूल, घाट, मंदिर, जॉगिंग ट्रॅकचं दार, काहीही चालेल. नदीचा कुठला काठ ते जरूर सांगा. पलीकडे पंचवटी पोलीस ठाणं, अलीकडे दुसरी ठाणी, आणि हद्दीच्या वादात तास जातो.

आणखी एक जुनी सवय आड येते. १९८७ च्या कायद्यात दंडाधिकाऱ्याच्या आदेशाला मोठं स्थान होतं. त्या आठवणीवर कुणी 'कोर्टाची ऑर्डर आणा' म्हणालं तर नम्रपणे सांगावं की २०१७ च्या कायद्यात तपासणीसाठी रुग्णालयात न्यायला आधी आदेश लागत नाही. पोलीस येऊन गेले की ठाण्यातल्या नोंदीचा क्रमांक विचारून लिहून ठेवा. पुढचा सगळा पाठपुरावा त्या आकड्यावर चालतो.

पोलीस येईपर्यंत अंतर राखून, शक्यतो बसून, बाजूने बोला. समोर उभं राहून, चार जणांनी घेरून नव्हे. एकानेच बोलावं. त्याला ऐकू येणारे आवाज खोटे आहेत असं पटवू नका आणि खरे आहेत असंही म्हणू नका. 'तुम्हाला भीती वाटतेय हे दिसतंय' एवढं खरं आहे, तेवढंच बोला. बोचक्याला हात लावू नका. कुत्रं सोबत असेल तर त्याला हुसकावू नका. दोरीने बांधण्याची मदत कुणी पुढे केली तर ठामपणे थांबवा. घाबरलेला माणूस बांधला की अधिक झटापट करतो आणि त्यात जीवही जाऊ शकतो.

एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. जटा कापायच्या, अंघोळ घालायची, नवे कपडे चढवायचे, मोबाइलवर आधी-नंतरचं चित्रीकरण करायचं आणि संध्याकाळी माणूस परत त्याच बाकावर. ही सेवा नाही. त्याच्या संमतीशिवाय त्याच्या शरीराला लावलेला हात आहे. आजार जिथल्या तिथे राहतो, आणि पुढच्या खेपेला खरी मदत घेऊन येणाऱ्याकडेही तो संशयाने बघतो.

सिव्हिलच्या दारात

शहरातल्या बहुतेक केसेसची वाट ठक्कर बाजारजवळच्या जिल्हा रुग्णालयाकडे जाते. मनोविकार विभाग आणि शरीराच्या तपासण्या एकाच आवारात असणं हा इथला मोठा फायदा. बेघर, निराधार व्यक्तीला सरकारी संस्थेत मानसिक उपचार मोफत मिळण्याचा हक्क याच कायद्याच्या कलम १८ मध्ये आहे, दारिद्र्यरेषेचं कार्ड असो वा नसो. केसपेपरवर 'अनोळखी पुरुष' लिहूनही उपचार सुरू होतात. तेव्हा आधारकार्डाच्या प्रश्नावर थबकू नका.

कोणत्याही सरकारी रुग्णालयात खरी अडचण येते ती सहीपाशी. भरतीला विरोध करणाऱ्या, निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलेल्या रुग्णाला कलम ८९ खाली दाखल करायचं तर त्याच्या वतीने 'नामनिर्देशित प्रतिनिधी' लागतो. वॉर्डातून प्रश्न येतो, 'नातेवाईक कोण?' आणि घेऊन आलेला शिपाई गप्प होतो. याचं उत्तर कायद्यातच आहे. कुणीच नसेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ समाजकल्याण विभागाच्या संचालकाला किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीला प्रतिनिधी करू शकतं. तोवर मनोरुग्णांसाठी काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेच्या माणसाला तात्पुरतं ते काम देता येतं. ज्या संस्थेकडे अशी सही करायला एक तयार माणूस आहे, तिची किंमत दहा ब्लँकेट वाटणाऱ्यांपेक्षा जास्त आहे. तातडीचे उपचार मात्र या कागदासाठी थांबत नाहीत, कलम ९४ खाली ७२ तासांपर्यंत ते देता येतात.

कलम ८९ ची भरती जास्तीत जास्त ३० दिवसांची. दीर्घ उपचार लागले तर प्रादेशिक मनोरुग्णालय. राज्यात अशी चार आहेत, ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. नाशिकला जवळचं ठाणे, तेही दीडशेएक किलोमीटरवर. हे अंतर कागदोपत्री छोटं दिसतं. सोबतीला पोलीस, गाडी, रुग्णाचं जेवण आणि परत येण्याचा प्रश्न धरला की नुसत्या जाण्यायेण्यातच दिवस मोडतो.

डिस्चार्ज हा साखळीतला सगळ्यात कच्चा दुवा. तीन आठवडे गोळ्या मिळाल्या, झोप लागली, आवाज कमी झाले, माणूस स्वतःचं नाव सांगू लागला, आणि हातात पंधरा दिवसांच्या गोळ्या देऊन दाराबाहेर. झोपायला जागा नाही, गोळ्या ठेवायला खिसा नाही. पिशवी चोरीला जाते किंवा पावसात भिजते. महिन्याभरात तोच माणूस त्याच बाकावर. इथे दोन गोष्टी मागून घ्याव्यात. एक, आजार त्या प्रकारचा असेल तर दोन ते चार आठवड्यांतून एकदा द्यायचं, हळूहळू अंगात भिनणारं इंजेक्शन चालेल का, हे डॉक्टरांना विचारणं. दुसरी, डिस्चार्जच्या आदल्या दिवशी निवारा केंद्राशी बोलणी. भरती गरजेची नाही असं तपासणीत ठरलं तरी बेघर माणसाला सरकारी निवाऱ्यापर्यंत पोचवणं हे कलम १०० खाली पोलिसांचं काम आहे. फाटकाबाहेर सोडून देणं त्यात बसत नाही.

निवारा केंद्र

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने घालून दिलेला निकष असा: एक लाख लोकवस्तीमागे किमान १०० जणांचा कायमस्वरूपी निवारा, चोवीस तास, बारा महिने, माणशी ५० चौरस फूट. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहर १४.८६ लाखांचं होतं. म्हणजे त्या जुन्या आकड्यानेही सुमारे १,५०० जणांची सोय हवी. कुठलंही केंद्र बघायला गेलात तर खाटा मोजण्याआधी एवढं बघा: रात्री दोन वाजता दार उघडणारा केअरटेकर आहे का, सामान ठेवायला कुलपाचं कपाट आहे का, आणि गोळ्यांची वही आहे का. वही म्हणजे साधी शंभर पानी. नाव, औषध, सकाळ-रात्र, दिल्याची सही. ती नसेल तर मानसिक आजारातून सावरणाऱ्या माणसासाठी ते केंद्र फक्त छप्पर आहे.

लोक निवाऱ्यात येत नाहीत त्याला 'सवय झाली रस्त्याची' हे कारण नसतं. बोचकं आत नेऊ देत नाहीत, कुत्रं बाहेर ठेवावं लागतं, नवरा-बायकोला वेगळं करतात, पहाटे मार्केट यार्डात हमालीला जायचं तर दार बंद, आधी कुणी तरी मारलेलं असतं. प्रत्येक नकारामागे असं एखादं कारण सापडतं आणि त्यातली निम्मी एका कपाटाने किंवा वेळ बदलून सुटण्यासारखी असतात. आजारी माणसाला पहिल्याच दिवशी चाळीस जणांच्या हॉलमध्ये टाकू नये. भिंतीकडेची, दाराजवळची जागा द्यावी. रात्रभर पेटत्या ट्यूबलाइटखाली त्याची झोप मोडते, आणि झोप मोडली की आजार उसळतो.

१४४१६

टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत, चोवीस तासांची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. १४४१६ वर आधी समुपदेशक बोलतो, गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञाकडे जोडून देतो. मराठीसह अनेक भाषा आहेत, आणि नाशिकसाठी हे फार कामाचं आहे. लांबच्या गाड्यांनी नाशिक रोडला उतरलेल्या माणसाला मराठी येतंच असं नाही. बंगाली किंवा तेलुगू ऐकल्यावर गप्प बसलेला माणूस बोलता होतो.

ही सेवा सगळ्यात उपयोगी पडते ती बाकावर एकट्याच रडत बसलेल्या, पण बोलू शकणाऱ्या माणसाला. त्याला स्पष्ट विचारा: 'जीव द्यायचा विचार येतोय का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट ओझं हलकं होतं. हो म्हणाला तर एकटं सोडू नका. पुलाच्या कठड्याशी किंवा पाण्याच्या कडेला असेल तर आधी ११२, मग १४४१६. गुन्हा दाखल होईल म्हणून कुणी कचरत असेल तर सांगा, कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं आणि तिची काळजी घेणं, उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे. सेवेची मर्यादाही ध्यानात असू द्या. फोन धरू न शकणाऱ्यासाठी ती नाही. मात्र काय करावं ते न कळणाऱ्या बघ्यालाही सल्ल्यासाठी तिथे फोन करता येतो, ही सोय फारशी कुणी वापरत नाही.

ज्येष्ठांसाठी १४५६७ आहे (सकाळी ८ ते रात्री ८), मुलांसाठी १०९८, स्त्रियांसाठी १८१. विसराळूपणाच्या आजारात घर सोडून आलेले आजी-आजोबा घाटावर सापडतात, तिथे १४५६७ आणि पोलीस दोन्ही.

घरची वाट

रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उपचार देऊन घरी पोचवण्याच्या कामात कर्जतच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचं नाव मोठं आहे. संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. अशा कामातून शिकण्यासारखं म्हणजे पत्ता कसा काढायचा. 'कुठे राहता?' याला उत्तर येत नाही. गावाजवळचं रेल्वे स्टेशन, शेतातलं पीक, जत्रा कुठल्या देवाची, शाळेतल्या गुरुजींचं नाव, आई भाजीला काय म्हणायची, यातून जिल्हा सापडतो. मग त्या भागातल्या पोलीस ठाण्याला फोन. ज्याने कधीकाळी आधार काढलंय त्याची नव्याने नोंदणी करायला गेलं की बोटांचे ठसे आधीच नोंदलेले निघतात, त्या धाग्यानेही घर लागलं आहे. शोधासाठी फोटो पोलिसांना आणि संस्थेला द्या, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका.

घर सापडलं की काम संपलं असं धरू नये. घरच्यांना औषध कुठल्या सरकारी दवाखान्यातून मिळेल ते लिहून द्यावं लागतं. नाही तर गोळ्या संपतात आणि माणूस पुन्हा गाडीत बसतो. ज्याला घर नाही किंवा घर नकोय, त्याला केवळ तेवढ्यासाठी मनोरुग्णालयात अडकवून ठेवता येत नाही. समाजात राहण्याचा हक्क कलम १९ ने दिला आहे.

पाऊस, थंडी आणि सिंहस्थ

नाशिकचं वेळापत्रक वेगळं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं यावर शहर पुराचा अंदाज घेतं. भोंगा वाजतो, टपऱ्या हलतात. पण आवाजांच्या गर्दीत जगणाऱ्या माणसाला भोंग्याचा अर्थ लागत नाही. घाटावर झोपणाऱ्यांना नावाने ओळखणारा कुणी तरी विसर्गाआधी फिरला पाहिजे, आणि त्या रात्रीपुरता निवारा कागद न विचारता उघडला पाहिजे. जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो तेव्हा ओल्या कपड्यातला, थरथर थांबलेला, जीभ जड झालेला माणूस दारू प्यायलाय असं समजू नका. कपडे बदला, कोरडी चादर, डोकं झाका, आणि १०८. हातपाय चोळू नका, शेकोटीजवळ ओढू नका.

२०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा समोर आहे. गर्दीत हरवलेल्यांसाठी भोंग्यावरून नाव पुकारतात, पण स्वतःचं नाव न सांगू शकणाऱ्याचं काय पुकारणार? हरवले-सापडले कक्षात मनोविकाराची जाण असलेली परिचारिका, चार भाषा बोलणारे स्वयंसेवक आणि नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून सही करू शकणारी नोंदणीकृत संस्था, हे तिन्ही पर्वणीआधी ठरलेलं हवं. पर्वणी उरकून साधू-भाविक परतले की मागे राहिलेल्यांची मोजणी दुसऱ्या दिवशी पहाटे, घाटांवर आणि बागांमध्ये चालत फिरून व्हावी. तेव्हाच ते सापडतात; दुपारपर्यंत सफाईवाले त्यांना उठवून पुढे पाठवतात.